साबण कंपनीचे काढून टाकलेले दिवस

४ फेब्रुवारी

कम्प्युटर आला. इस्त्रीचं टेबल आणि लॉजच्या चादरींचा गठ्ठा यांच्या मधोमध बसवला. दुरुस्तीवाल्याने आणून जोडून दिला. त्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, कारण कुठलंही यंत्र उघडून बंद केलं की त्याच्या हातात एक तरी नटबोल्ट उरतोच. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मला मावशी म्हणतो. मी मनावर घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की पुन्हा मावशी म्हणालास तर हाच डबा तुझ्या डोक्यात घालीन.

आत चार्टिंगचं सॉफ्टवेअर घातलंय. शेअरचे भाव चित्रासारखे दिसतात. आता कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझं मलाच कौतुक वाटेल. लाँड्रीचं मोठं मशीन शेवटच्या घटका मोजतंय. धुतं, पण पिळायचं त्याने सोडून दिलंय. लॉजच्या चादरी मी आणि धाकटी जाऊ हाताने पिळतो. तिचा नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर, म्हणून ती इथेच माझ्या हाताखाली. तिच्या मनगटाला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, पिळणं बंद करा, नाहीतर हात कामातून जाईल. डॉक्टरांना बोलायला काय जातं.

नव्या मशीनसाठी दोन्ही घरांनी पोटाला चिमटा काढून पैसे जमवलेत. ते माझ्या खात्यात, कारण या घरात व्यवहार मला कळतो. मशीन मार्चमध्ये येणार. तोवर पैसे नुसते पडून. कपडा पडून राहिला की वास मारतो, पैसाही मारत असणार. तो तेवढ्या दिवसांत असा वाढवायचा की मशीनच्या जोडीला सुकवायचं यंत्रपण येईल. कुणाला सांगायचं नाही. एकदम दाखवायचं.

संकल्प: आजपासून कुणावर ओरडायचं नाही. ओरडणाऱ्याला चार्ट दिसत नाही असं नटबोल्ट म्हणाला.

५ फेब्रुवारी

ओरडले. पण चूक धाकटीची होती.

६ फेब्रुवारी, दुपार

एक दिवस म्हणजे एक कँडल. भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल. कँडल म्हणे मेणबत्ती, पण मला तर दोरीवर वाळत घातलेले मोजे वाटतात. यात कळायचं काय राहिलं? लोक यासाठी क्लास लावतात. लावोत बापडे.

नटबोल्टचं म्हणणं, जुना डेटा आधी भरायला हवा. दहा वर्षांचे रोजचे भाव. मागचं माहीत नसेल तर पुढचं कळत नाही. मी म्हटलं, सुनेच्या बाबतीत हे खरं आहे, शेअरच्या बाबतीत कशाला? तो म्हणाला, भराच. भरायला घेतलं. नेट असं चाललं की गोगलगाय पुढे निघून जाईल. टक्के बघत बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री राहिली. कॉलर गेली. कापडच हलकं होतं. चांगलं कापड इतक्या लवकर जळत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. उलट उपकार मानायचे सोडून भांडत बसला.

७ फेब्रुवारी

मी साबणाची कंपनी निवडली. तिचा साबण मी वीस वर्षं हातात धरलाय. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय माहीत साबण कसा असतो?

डेटा आला. घाणेरडा आला. एका दिवशी भाव शून्य. म्हणजे त्या दिवशी कंपनी फुकट वाटत होती? दुसऱ्या एका दिवशी कुणीतरी एक शून्य जास्त मारलंय, चित्राची रेघ थेट छताला. नटबोल्टने एक खिडकी उघडून दिली. तिच्यात प्रत्येक दिवसाची ओळ असते: कितीला उघडला, वर कुठे गेला, खाली कुठे आला, कितीला बंद. चुकलेला आकडा पुसून बरोबर घालायचा, नाहीतर ओळच काढून टाकायची. दोन्ही चुका मी त्याच्या आधी ओळखल्या. तो म्हणाला, वा, तुमची नजर पक्की आहे. मावशी म्हणायचं धाडस झालं नाही.

नजर पक्की असणारच. पांढऱ्यावरचा डाग मला दुकानाच्या दारातून दिसतो.

१० फेब्रुवारी

सकाळी चार्ट उघडला आणि बघते तर काय. चार वर्षांपूर्वी एका दिवसात साबण कंपनी अर्ध्यावर! मी तिला नाही नाही ते बोलले. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं, त्याला वाटलं त्यालाच.

नटबोल्टला बोलावलं. तो हसला. म्हणाला, ही पडलेली नाही. कंपनीने एका शेअरचे दोन केले. भाव अर्धा, शेअर दुप्पट, कुणाचं काही गेलं नाही. चादर मधोमध फाडून दोन केल्या तर कापड तेवढंच राहतं ना, तसं. याला स्प्लिट म्हणतात. त्याने एक बटण दाबलं, मागचे सगळे भाव आपोआप निम्मे झाले आणि तो कडा साफ नाहीसा झाला. चित्र सरळ.

मी बराच वेळ बघत राहिले. म्हणजे पडल्यासारखं दिसलं तरी पडलेलं नसतं! एवढी मोठी गोष्ट आणि कुणी बोलत नाही.

११ फेब्रुवारी

आणखी एक पडझड सापडली. सात वर्षांपूर्वीची. सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिटची यादी असते, तिच्यात तिचं नाव नाही. यादी करणारा विसरला असणार. माणूसच तो. मी काढून टाकली.

१२ फेब्रुवारी

अशा पुष्कळ निघाल्या. यादीवाला कामाचा नाही.

ओळ काढली की चित्रात भोक पडतं. त्यावर मी उपाय काढला. आदल्या दिवसाची ओळ तिथे चिकटवायची आणि आकडे जरासे वर उचलायचे. रफू. बोट फिरवलं तरी कळत नाही. नटबोल्टला विचारायची गरज वाटली नाही. त्याला विचारलं की तो उगाच समजावून सांगतो.

१४ फेब्रुवारी

आता मोठ्या पडझडी संपल्या, लहान राहिल्या. मोठ्या खोट्या असतील तर लहान कशा खऱ्या? चोराचं पोर सावकार होत नाही. लाल दिसली की काढते. सकाळी इस्त्री, दुपारी लाल.

धाकटी मागे उभी राहून बघत होती. ताई, काय पुसताय म्हणाली. मी म्हटलं, चुकीचे दिवस. ती म्हणाली, असे दिवस पुसता येतात? मग माझ्या लग्नाचा सापडतोय का बघा, तोही काढून टाका. मी म्हटलं, दात काढू नकोस, चादरी उचल. ती म्हणाली, उचलते, पण आज पिळताना मनगटात कट्ट झालं. हिला माझं काम दिसलं की कट्ट होतं.

१७ फेब्रुवारी

लॉजचा मॅनेजर येऊन गेला. चादरी दमट येतात म्हणाला. गिऱ्हाइकं तक्रार करतात. मी म्हटलं, गिऱ्हाइकं झोपायला येतात की चादर तपासायला? मार्चअखेर नाही सुधारलं तर दुसरीकडे देईन म्हणाला. देणार नाही. आमच्याइतकं स्वस्त त्याला कोण देणार आहे?

संकल्प: मॅनेजरशी गोड बोलायचं. पुढच्या वेळेपासून.

१८ फेब्रुवारी

परीक्षा घेतली. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. आपला नियम सांगायचा आणि तो जुन्या भावांवर चालवून बघायचा. माझा नियम साधा: दोन रेघा असतात, थोड्या दिवसांच्या सरासरीची छोटी आणि जास्त दिवसांच्या सरासरीची मोठी; छोटी मोठीच्या वर गेली की घ्यायचं आणि गप्प बसायचं. दहा वर्षांत एकदाही तोटा नाही. एकदाही! सॉफ्टवेअरने स्वतः सांगितलं, मी नाही.

मी सातवीत शाळा सोडली ते बरंच झालं. पुढे शिकले असते तर हे सुचलं नसतं.

१९ फेब्रुवारी

ह्यांना चार्ट दाखवला. हे गठ्ठे पोचवून आले होते, घाम पुसत उभे राहिले. म्हणाले, जिना आहे का? मी म्हटलं, जिनाच समजा. म्हणाले, छान आहे, पण हा खाली कधीच येत नाही का? मी म्हटलं, खाली यायला हा काय नळाचं पाणी आहे? ह्यांचा स्वभावच असा. चांगल्या गोष्टीत खुसपट काढल्याशिवाय अन्न पचत नाही.

मग म्हणाले, पण हे दुकानात कशाला? मी म्हटलं, कळेल.

२३ फेब्रुवारी

नुसतं लिहून खेळतेय, पैसे न घालता. पाचपैकी पाच दिवस फायदा. रोज संध्याकाळी नवा दिवस येतो. तो लाल असला तर लगेच काढते. डाग ताजा असताना पटकन निघतो, वाळला की जीव खातो.

२७ फेब्रुवारी

आज माझ्या हातून खून व्हायचा राहिला.

कम्प्युटर अडखळत होता म्हणून नटबोल्टला बोलावलं. मी मागे नीळ कालवायला गेले तेवढ्यात त्याने काय करावं? त्याला म्हणे डेटा विचित्र वाटला. दहा वर्षांत एक लाल कँडल नाही! म्हणून त्याने सगळा पुन्हा उतरवून घेतला. मी आले तर पडदाभर लाल. माझी सगळी मेहनत गेली. रफू उसवलं. जसं काही मी पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घातल्या आणि ह्याने त्यांच्यावरून चिखलाचे बूट घालून फेरी मारली.

मी त्याला म्हटलं ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, मावशी, मी खोटा भाव काढा म्हटलं होतं, नावडता नव्हे. मी म्हटलं, तू घाण परत आणलीस. तो म्हणाला, मी नाही आणली, ती बाजारातच होती. मग माझाच नियम माझ्यासमोर या घाणीवर चालवून दाखवला. तोट्यात आला. बघा म्हणाला. मी म्हटलं, घाणेरड्या पाण्यात धुतलं तर कपडा मळणारच, त्यात धुणारीचा काय दोष? तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, मशीनचे पैसे यात घालणार नाही ना? मी म्हटलं, तुझं काम झालं, तू नीघ.

जाताना एक स्क्रू विसरून गेला. माणसाची लायकी कळते.

२८ फेब्रुवारी

पुन्हा काढत बसायला वेळ नाही. मार्च तोंडावर आलाय. पण माझा स्वच्छ चार्ट मला पाठ आहे. डोळे मिटले की दिसतो. छोटी रेघ मोठीच्या वर गेली. मशीनचे सगळे पैसे साबण कंपनीत घातले. फोनवरून, दोन मिनिटांत. 

संकल्प: रोज फोन बघायचा नाही.

३ मार्च

फोन फक्त सकाळी बघितला. आणि दुपारी. लाल. सोमवारी असं होतच असणार, सोमवारी कुणाचंच कामात लक्ष नसतं.

५ मार्च

आणखी खाली. कंपनीच्या एका साबणाने लोकांच्या अंगावर पुरळ उठलं, अशी बातमी आहे म्हणे. धाकटीने वाचून दाखवली. मी म्हटलं, पुरळ साबणाने उठत नाही, नाजूकपणाने उठतं. मला वीस वर्षांत उठलं नाही.

मला खरं काय ते कळलं. स्प्लिट झालाय. ब्रोकरच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीला विचारलं, शेअर वाटले का दोन दोन? ती म्हणाली, नाही मॅडम, भाव पडलाय. मी म्हटलं, नीट बघ, पडल्यासारखं दिसतं, पडलेलं नसतं. ती म्हणाली, मॅडम, पडलेलंच आहे. मी म्हटलं, तुझ्या वरच्या साहेबाला दे. साहेबही म्हणाला, पडलेलंच आहे. सगळे एका माळेचे मणी. यादी ठेवणाराही ह्यांच्यातलाच असणार.

९ मार्च

भाव फार खाली गेला. विकायचं का? पण विकलं तर तोटा खरा होतो. न विकलं तर तो नुसता दिसतो.

मग मी शांतपणे बसले, कम्प्युटर उघडला आणि हा आठवडा काढला. रफू केलं. फारच सुरेख आलं. माझ्या चार्टप्रमाणे आज फायदा आहे. फोनमधलं ॲप ऐकत नाही. त्यात खोडायची सोयच दिलेली नाही. अर्धवट माल. लोक कसे वापरतात देव जाणे.

१२ मार्च

एक अडचण झाली.

मी भाजी आणायला गेले होते. कम्प्युटर चालू राहिला. ह्यांनी चार्ट बघितला, त्यावर मी खरेदीची खूण करून ठेवली होती आणि तिथून पुढे वर जाणारी रेघ. धाकटीने ह्यांना अर्थ सांगितला. तिला मी कधी शिकवलं नाही, मागे उभं राहून चोरून शिकली. परत आले तर दुकानात नुसता आनंद. हे म्हणाले, अगं, एवढं केलंस आणि बोलली नाहीस? धाकटीने तर माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, ताई, मी तुम्हाला उगाच बोलायचे. तिचे डोळे भरले होते. मनगट एवढं सुजलंय ते मला आज नीट दिसलं.

आता बोलावं असं मनात आलं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात हे म्हणाले, मशीनवाल्याला फोन केला, दोघंही आणायला सांगितली, धुवायचं आणि सुकवायचं, अठरा तारखेला टेम्पो येतोय. आणि जागा करायला म्हणून जुनं मशीन भंगारवाल्याला देऊनही टाकलं.

वळून बघितलं तर कोपरा रिकामा. जमिनीवर चार पायांचे चार डाग.

सांगितलं नाही. चार माणसांत नवऱ्याला तोंडघशी पाडणं बरं दिसत नाही. अठरापर्यंत भाव वर येईल. यायलाच हवा, त्याला दुसरा उपाय काय आहे?

१५ मार्च

आला नाही. दोन दिवस चादरी हौदात हाताने धुतोय. हे म्हणतात, आणखी तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मला जेवण जात नाही. उन्हाने असेल.

१७ मार्च, सकाळ

विकलं. उरलं त्यात नवं मशीन सोडा, त्याचं झाकण येईल. ज्याने सकाळी घेतलं तो मूर्ख असणार. कुणी का असेना, त्याचं वाटोळं होवो. नको, होऊ नये. कुणाचंही नको.

नटबोल्टला फोन केला. म्हटलं, डेटा दुरुस्त होतो तसा व्यवहार दुरुस्त होतो का?  तो म्हणाला, नाही हो, ताई. मावशी म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

टेम्पो आला. दोन मोठी खोकी. ह्यांनी कोपरा झाडून पुसून ठेवला होता. आजूबाजूची माणसं बघायला जमली. मशीनवाल्याच्या माणसाने पैसे मागितले. हे माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, ह्या देतील, सगळा व्यवहार ह्यांच्याकडे.

मी त्या माणसाला कम्प्युटरसमोर नेलं आणि चार्ट दाखवला. का दाखवला ते मलाही सांगता येणार नाही. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, छान चढलाय, बाई, पण माझ्या मालकाला पैसे त्याच्या खात्यात दिसायला लागतात. मी म्हटलं, उद्या दिसतील. तो म्हणाला, मग खोकीही उद्याच दिसतील. माणसं हसली. खोकी टेम्पोतून उतरलीच नव्हती, त्यामुळे त्याला चढवायचाही त्रास झाला नाही.

मग सांगावं लागलं. सगळं नाही सांगितलं, पण जेवढं सांगितलं तेवढं पुरलं. मी म्हटलं, बाजाराची चूक आहे. ह्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला, जिथे मशीन यायचं तिथेच, आणि गठ्ठे पोचवायला निघून गेले. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार होती.

धाकटी तिथेच उभी. तिला म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, काय बोलू ताई, चार्टवर तर सगळं चांगलंच चाललंय.

२२ मार्च

चादरी हाताने. सकाळपासून हौदाशी. मॅनेजरने महिनाअखेरपर्यंतची मुदत ठेवलीय, मी गोड बोलले म्हणून. धाकटीच्या उजव्या हाताला पट्टा बांधलाय. ती डाव्या हाताने चादरीचं एक टोक धरते, दुसऱ्या टोकाने मी पिळते. मघाशी चादर सुटून पाण्यात पडली. मी म्हटलं, घट्ट धर ना गं, सोडतेस काय? ती म्हणाली, मी धरूनच आहे. सोडलं ते तुम्ही.

बघितलं तर खरंच माझंच टोक खाली होतं. उचललं. पिळलं. चादर दोरीवर टाकली तर पाणी गळतच होतं. पुन्हा उतरवली.